राज्यपालांची सही आणि न लिहिलेली तारीख

राज्यपालपदाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा सूर 'राज्यपालांना हे करता येतं का?' असा आहे. उत्तरं लिहिताना त्यात 'कधीपर्यंत?' हा दुसरा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वेळी जोडावा लागला. आमच्या मते या पदाची खरी ताकद तिथेच आहे.

शाळेत 'राज्यपाल नामधारी प्रमुख' असं शिकलो. मग सरकार डळमळलं की सगळे कॅमेरे राजभवनाकडे का वळतात?

शाळेत शिकवलं ते खोटं नाही. कलम १५४ नुसार राज्याची कार्यकारी सत्ता राज्यपालांकडे आहे, पण ती कशी वापरायची ते कलम १६३ सांगतं: मंत्रिमंडळाच्या साहाय्याने आणि सल्ल्याने. समशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९७४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी यावर शिक्कामोर्तब केलं. कोणताही शासन निर्णय उघडून पाहा. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं छापलेलं असतं. त्यातल्या बहुतेक फायली राज्यपालांच्या टेबलापर्यंत जातही नाहीत. कलम १६६ नुसार केलेल्या कामकाज नियमावलीप्रमाणे खातं निर्णय घेतं आणि सचिव सही करतो.

मात्र कलम १६३ मध्येच अपवाद आहे. जिथे राज्यघटनेनेच राज्यपालांना स्वविवेक दिला आहे, तिथे सल्ला बंधनकारक नाही. राष्ट्रपतींच्या बाबतीत असं वाक्य घटनेत नाही, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

स्वविवेकाच्या जागा थोड्या आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घटनेने काही ठिकाणी घड्याळ लावलंय आणि काही ठिकाणी लावलेलं नाही. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही. आमदार नसलेला मंत्री सहा महिन्यांत निवडून आला नाही तर त्याचं मंत्रिपद जातं. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेश संपतो. पण विधेयकावर सही किती दिवसांत करायची, नामनियुक्त आमदारांच्या यादीवर निर्णय कधी घ्यायचा, सरकार बनवायला कोणाला किती मुदत द्यायची, यातलं काहीच लिहिलेलं नाही. विधानसभा अध्यक्षांच्या निवडणुकीची तारीखही राज्यपाल ठरवतात. महाराष्ट्रात नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडलं. पुढे डिसेंबरमध्ये सरकारने गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाचा नियम केला, राजभवनाने त्यावर हरकत घेतली आणि तारीख मिळाली नाही. राहुल नार्वेकर निवडून आले ते ३ जुलै २०२२ रोजी, सरकार बदलल्यावर. तोवर उपाध्यक्षांनी कामकाज चालवलं.

विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं की पुढे नेमकं काय होतं? राज्यपाल ते दाबून ठेवू शकतात का?

मंजूर झालेल्या विधेयकाच्या प्रती प्रमाणित होतात आणि ते राज्यपालांकडे जातं. त्यांच्यासमोर कलम २०० मधले मार्ग असतात: संमती देणं, संमती रोखणं, किंवा राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवणं. धन विधेयक नसेल तर ते 'शक्य तितक्या लवकर' संदेशासह सभागृहाकडे परत पाठवता येतं. विधिमंडळाने ते पुन्हा मंजूर केलं, दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीशिवाय, तर मग संमती रोखता येत नाही. उच्च न्यायालयाचं घटनेने दिलेलं स्थान धोक्यात येईल असं विधेयक असेल, तर ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं राज्यपालांवर बंधनकारक आहे.

वाद त्या 'शक्य तितक्या लवकर'चा आहे. परत पाठवायचं नाही, संमतीही द्यायची नाही, नुसतं ठेवून द्यायचं, हा प्रकार तामिळनाडू, केरळ, तेलंगणा आणि पंजाब या राज्यांत वारंवार घडला. पंजाबच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमती रोखायची तर विधेयक परत पाठवलंच पाहिजे, निवडून न आलेल्या प्रमुखाला असा कायमचा नकाराधिकार नाही. त्यापुढे ८ एप्रिल २०२५ रोजी तामिळनाडूच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने मुदती आखून दिल्या आणि अडकलेली दहा विधेयकं संमत झाली असं मानलं.

इथे अनेकांची गल्लत होते. बऱ्याच पत्रांत 'आता तीन महिन्यांची मुदत आहे ना?' असं विचारलंय. आता तशी मुदत नाही. राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली १४ प्रश्न विचारले आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिलं: घटनेत नसलेल्या मुदती न्यायालय घालू शकत नाही आणि 'मानीव संमती' ही कल्पना घटनेत बसत नाही. त्याच वेळी पीठाने हेही म्हटलं की परत न पाठवता विधेयक नुसतं रोखून धरता येणार नाही, आणि कारण न देता दीर्घकाळ काहीच केलं नाही तर 'निर्णय घ्या' एवढा मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकतं. कोणता निर्णय घ्यायचा, ते मात्र न्यायालय सांगणार नाही. म्हणजे दार ठोठावता येतं, पण घड्याळ लावून मिळत नाही. आमच्या मते यातून राज्यांच्या हाती फारसं काही लागलेलं नाही.

राष्ट्रपतींकडे पाठवलेल्या विधेयकाची गोष्ट वेगळी. कलम २०१ नुसार राष्ट्रपतींनी ते परत पाठवायला सांगितलं तर विधिमंडळाला सहा महिन्यांत फेरविचार करावा लागतो. पुन्हा मंजूर करूनही राष्ट्रपतींवर बंधन येत नाही. विधिमंडळावर मुदत आहे, राष्ट्रपतींवर नाही.

प्रत्येक वेळी राखून ठेवण्यामागे राजकारण असतं असंही नाही. समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयावर केंद्राचा कायदा असताना राज्याला वेगळी तरतूद टिकवायची असेल, तर कलम २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागतेच. आपला 'मकोका', म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधातला राज्याचा कायदा घ्या. त्याला २४ एप्रिल १९९९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मगच तो कायदा झाला. ही पायरी चुकवली तर पुढे एखादा वकील न्यायालयात नेमका तोच मुद्दा काढतो आणि तेवढी तरतूद निष्प्रभ ठरते.

विधान परिषदेतले १२ आमदार राज्यपाल नेमतात. त्यात साहित्यिक आणि शास्त्रज्ञ का दिसत नाहीत?

महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ जागा आहेत: ३० विधानसभेच्या आमदारांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून प्रत्येकी ७, आणि नामनियुक्त १२. नियुक्तीसाठी कलम १७१(५) मध्ये साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा ही क्षेत्रं दिली आहेत. राज्यसभेच्या नामनियुक्त जागांसाठीच्या यादीत सहकार नाही. महाराष्ट्रात 'सहकार' आणि 'समाजसेवा' या दोन दारांतून कोण कोण आत येऊ शकतं, हे वाचकांना सांगायला नको.

यादी मंत्रिमंडळ पाठवतं. ती बाजूला ठेवून राज्यपालांनी स्वतःची नावं घालावीत, अशी पद्धत नाही. मात्र यादीवर निर्णय किती दिवसांत घ्यायचा ते लिहिलेलं नाही. महाविकास आघाडी सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये १२ नावं पाठवली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटलं की राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घेणं हे त्यांचं कर्तव्य आहे आणि आठ महिने हा पुरेसा काळ होता. पण पदाच्या कामाबद्दल राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नाहीत, या कलम ३६१ च्या संरक्षणामुळे त्यांना थेट आदेश देता आला नाही. सरकार बदललं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या तोंडावर, सात जणांनी शपथ घेतली. मागे घेईपर्यंत पहिल्या यादीला कोणी 'नाही' म्हटलं नव्हतं. 'हो' म्हणायला कोणी बसलं नव्हतं, इतकंच.

त्रिशंकू विधानसभेत राज्यपालांनी आधी कोणाला बोलवायचं? याचा काही नियम आहे का?

कायद्यात नियम नाही. कलम १६४ फक्त 'मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतील' एवढंच म्हणतं. संकेत आहेत ते केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाच्या १९८८ च्या अहवालातले: आधी निवडणूकपूर्व युती, मग इतरांच्या पाठिंब्याचा दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग सगळे भागीदार सरकारात असलेली निवडणुकीनंतरची आघाडी, आणि शेवटी काहींचा बाहेरून पाठिंबा असलेली आघाडी. पुंछी आयोगाने २०१० मध्ये जवळपास हाच क्रम कायम ठेवला. दोन्ही अहवाल शिफारशींपुरतेच राहिले.

राज्यपालांनी प्रत्यक्षात पाहायचं असतं ते पाठिंब्याचं लेखी पत्र, शक्यतो आमदारांच्या सह्यांसह, आणि ते पत्र देणाऱ्याला पक्षाच्या वतीने बोलायचा अधिकार आहे का. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे गोची झाली ती इथेच. राष्ट्रवादीच्या आमदारांच्या सह्यांची यादी गटनेते अजित पवार यांच्याकडे होती, पण त्या सह्या भाजपला पाठिंबा देण्यासाठी केल्या होत्या की नाही, हा वाद लगेच उभा राहिला.

२०१९ चा क्रम नीट पाहिला की मुदतीचं महत्त्व कळतं. निकाल २४ ऑक्टोबरला लागले: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. बहुमताचा आकडा १४५. भाजपला ९ नोव्हेंबरला विचारणा झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नकार दिला. शिवसेनेला ११ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंतचा वेळ मिळाला. त्यांनी आणखी तीन दिवस मागितले, ते मिळाले नाहीत. राष्ट्रवादीला १२ तारखेच्या रात्रीपर्यंतची वेळ दिली होती, पण ती संपण्याआधीच राष्ट्रपती राजवटीची शिफारस गेली आणि ती लागूही झाली. २३ नोव्हेंबरला पहाटे ५.४७ वाजता राजवट उठली. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झाली नाही, केंद्राच्या कामकाज नियमावलीतला नियम १२ वापरून पंतप्रधानांनी थेट शिफारस केली. आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकला होता. २६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत उघड मतदानाने बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं आणि त्याच दिवशी सरकारने राजीनामा दिला.

बहुमत राजभवनात नाही, सभागृहात मोजायचं, हा नियम नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एस. आर. बोम्मई खटल्यात १९९४ मध्येच घालून दिला आहे.

२०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ती चुकीची होती असं न्यायालयाने म्हटलं. मग सरकार परत का आलं नाही?

मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता आदल्या दिवशीच राजीनामा दिला म्हणून. राज्यपालांनी चाचणीसाठी ३० जूनची तारीख दिली होती, राजीनामा २९ जूनला आला. घटनापीठाने ११ मे २०२३ च्या निकालात म्हटलं की सरकारने बहुमत गमावलंय असं मानायला राज्यपालांकडे ठोस आधार नव्हता. आमदारांच्या पत्रात पाठिंबा काढल्याचं कुठेच लिहिलं नव्हतं, आणि पक्षांतर्गत भांडणात पडणं हे राज्यपालांचं काम नाही. पण स्वेच्छेने दिलेला राजीनामा न्यायालय रद्द करू शकत नाही. त्यामुळे त्यानंतर दुसऱ्याला सरकार स्थापनेसाठी बोलावणं योग्यच ठरलं. चाचणी हरून सरकार गेलं असतं, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

आमचा आमदार पक्ष सोडून गेला. त्याला अपात्र ठरवायला राज्यपालांकडे अर्ज करता येईल का?

नाही. पक्षांतराचा निर्णय दहाव्या परिशिष्टाप्रमाणे विधानसभा अध्यक्ष घेतात. राज्यपालांकडे जातात ती कलम १९१(१) मधली प्रकरणं, म्हणजे लाभाचं पद, दिवाळखोरी यांसारखी. तिथेही राज्यपाल स्वतः ठरवत नाहीत. कलम १९२ प्रमाणे त्यांनी निवडणूक आयोगाचं मत घ्यायचं आणि त्या मताप्रमाणे निर्णय द्यायचा. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला इथे जागा नाही. आयोगाचं मत आल्यावर आदेश कधी काढायचा, तेही लिहिलेलं नाही. झारखंडमध्ये २०२२ साली मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांच्याबाबतचं आयोगाचं मत राजभवनातच राहिलं आणि राज्याचं राजकारण त्याभोवती फिरत राहिलं.

हे पद इंग्रजांनी आणलं का? आणि राज्यपाल थेट निवडून का दिले जात नाहीत?

हो, आणि तेही कंपनीच्या काळात. मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं. सुरुवातीला गव्हर्नर सुरतेला बसत, १६८७ मध्ये मुख्यालय मुंबईला आलं. १७७३ च्या नियामक कायद्याने मुंबई आणि मद्रासचे गव्हर्नर युद्ध आणि तहाच्या बाबतीत बंगालच्या गव्हर्नर जनरलच्या हाताखाली गेले. पेशवाई संपल्यावर दख्खनची घडी बसवणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता.

आजच्या वादांची मुळं मात्र १९३५ च्या कायद्यात आहेत. प्रांतांना स्वायत्तता मिळाली, पण गव्हर्नरकडे 'विशेष जबाबदाऱ्या' ठेवल्या गेल्या. १९३७ च्या निवडणुकांत मुंबई प्रांतात काँग्रेसने बाजी मारली, तरी गव्हर्नर रोजच्या कारभारात हस्तक्षेप करणार नाहीत असं आश्वासन मिळेपर्यंत तिने सरकार बनवायला नकार दिला. म्हणून काही महिने धनजीशा कूपर यांचं अंतरिम मंत्रिमंडळ होतं, आणि जुलैमध्ये बाळासाहेब खेर आले. युद्धाच्या प्रश्नावर १९३९ मध्ये खेरांनी राजीनामा दिला आणि कलम ९३ खाली गव्हर्नरची राजवट लागली, ती १९४६ पर्यंत टिकली. आजचं राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ त्याच कलम ९३ चं भावंड आहे. १९६० नंतर महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट तीनदा आली: फेब्रुवारी ते जून १९८०, सप्टेंबर-ऑक्टोबर २०१४, आणि नोव्हेंबर २०१९ मधले ते अकरा-बारा दिवस.

आता निवडणुकीबद्दल. सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील प्रांतिक घटना समितीने १९४७ मध्ये राज्यपाल प्रौढ मताधिकाराने निवडावा अशीच शिफारस केली होती. १९४८ च्या मसुद्यात दोन पर्याय होते: थेट निवडणूक, किंवा विधिमंडळाने निवडलेल्या चार नावांतून राष्ट्रपतींनी एक नेमायचं. मे १९४९ च्या अखेरीस संविधान सभेने दोन्ही सोडले आणि थेट नियुक्ती स्वीकारली. युक्तिवाद असा होता की लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री एकमेकांना डोईजड होतील. नेहरूंनी नियुक्तीची बाजू घेतली. पक्षीय राजकारणाबाहेरची नामांकित माणसं या पदावर यावीत, असं त्यांना वाटत होतं. भांडण टाळण्यासाठी घेतलेला निर्णय होता. भांडण टळलं नाही, फक्त त्याची दुसरी बाजू दिल्लीत गेली.

राज्यपालांना मुदतीआधी हटवता येतं का? पात्रता आणि पगार काय?

पात्रता एवढीच: भारताचा नागरिक आणि वय ३५ पूर्ण. विधिमंडळ किंवा संसदेचं सदस्यत्व ठेवता येत नाही. शपथ उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती देतात. १ जानेवारी २०१६ पासून वेतन दरमहा ३,५०,००० रुपये आहे. त्याआधी ते १,१०,००० होतं.

पाच वर्षांची मुदत म्हणजे पाच वर्षांची हमी नव्हे. राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर पद, असं कलम १५६ म्हणतं, आणि महाभियोगाची तरतूद नाही. २००४ मध्ये केंद्रात सत्ताबदल झाल्यावर चार राज्यपालांना हटवलं गेलं. त्यावरच्या बी. पी. सिंघल खटल्यात २०१० मध्ये न्यायालयाने म्हटलं की कारण जाहीर करायची सक्ती नाही, पण मनमानी चालणार नाही, आणि 'केंद्राच्या धोरणाशी जुळत नाही' हे कारण होऊ शकत नाही. प्रत्यक्षात निरोप येतो आणि बहुतेक राज्यपाल राजीनामा देऊन मोकळे होतात. न्यायालयात जायची वेळच येत नाही.

राज्यपाल फाशी माफ करू शकतात का? अर्ज कसा करायचा?

राज्याच्या अधिकारातल्या विषयांवरील कायद्याखाली झालेली शिक्षा कलम १६१ प्रमाणे माफ, कमी किंवा स्थगित करता येते. फाशी पूर्ण माफ करण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा. राज्यपाल ती स्थगित करू शकतात किंवा जन्मठेपेत बदलू शकतात. लष्करी न्यायालयाच्या शिक्षेत त्यांना हात घालता येत नाही. हा अधिकारही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचा असतो.

फाशीच्या कैद्यासाठी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७२ लागू आहे. अपील फेटाळल्याचं कारागृह अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत कैद्याने किंवा नातेवाइकाने दयेचा अर्ज करायचा. आधी राज्यपालांकडे करता येतो, तिथे नाकारला तर त्या तारखेपासून ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. ही मुदत चुकवू नका. मुदत अर्जदाराला आहे, अर्ज ज्यांच्याकडे जातो त्या राज्यपालांना नाही.

हा अधिकार कुठे अडतो याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईचंच. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने नौदल अधिकारी कावस नानावटी यांना जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली, म्हणजे नानावटी तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहतील. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपील न्यायालयासमोर असताना स्थगितीचा हा अधिकार चालणार नाही. अपील संपल्यानंतरचा माफीचा अधिकार मात्र शाबूत होता. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी तो वापरला आणि नानावटी सुटले.

अध्यादेश म्हणजे मागच्या दाराने कायदा नाही का?

होऊ शकतो, आणि ते दाखवून दिलं पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या प्राध्यापक डी. सी. वाधवांनी. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते, त्यातला एक तर जवळजवळ १४ वर्षं. सभागृह भरलं की सहा आठवड्यांनी अध्यादेश मरतो, म्हणून मरायच्या आत तोच नव्याने काढायचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये याला घटनेची फसवणूक म्हटलं. २०१७ च्या कृष्णकुमार सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने आणखी पुढे जाऊन अध्यादेश सभागृहासमोर मांडणं बंधनकारक असल्याचं ठरवलं.

कुलगुरूंची नेमणूक राज्यपालांचा घटनात्मक अधिकार आहे ना?

घटनात्मक नाही. राज्यपाल कुलपती होतात ते विद्यापीठ कायद्यामुळे, आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मुळे. शोध समिती नावं सुचवते, कुलपती मुलाखती घेऊन एकाची निवड करतात. कायद्याने दिलेला अधिकार कायद्याने काढताही येतो. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने तसा प्रयत्न केला: सरकारने दोन नावं सुचवायची आणि त्यातलं एक कुलपतींनी नेमायचं. पण त्या दुरुस्तीवरही सही राज्यपालांचीच हवी होती. ती झाली नाही, आणि पुढच्या सरकारने ते विधेयक मागे घेतलं.

विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाशी राज्यपालांचा काय संबंध?

कलम ३७१(२) मुळे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं नेमण्याची आणि निधीचं न्याय्य वाटप पाहण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. दांडेकर समितीचा अनुशेषावरचा अहवाल १९८४ मध्ये आला. मंडळं मात्र १९९४ मध्ये आली. त्यांची मुदत वेळोवेळी वाढत गेली आणि ३० एप्रिल २०२० ला संपली. राज्यपालांच्या निर्देशांमुळे सिंचनाचा पैसा कुठे जातो यावर काही काळ खरोखर लगाम राहिला, हे मान्य करायला हवं.

आदिवासी भागांसाठीची पाचवी अनुसूची याहून ताकदवान आहे. संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही, किंवा बदल करून लागू होईल, असं राज्यपाल जाहीर अधिसूचनेने ठरवू शकतात. पालघर-नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत १३ जिल्ह्यांत, पूर्ण किंवा अंशतः, असं क्षेत्र आहे. राज्यपालांच्या सगळ्या अधिकारांत हा सर्वांत कमी चर्चिला जाणारा आहे, आणि आमच्या मते सर्वांत उपयोगाचा.

राज्यपालांना तक्रार पाठवली, सहा महिने झाले, उत्तर नाही. काय करावं?

राजभवन (आता 'लोकभवन') बहुतेक तक्रारी संबंधित खात्याकडे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पाठवून देतं. राज्यपाल कलम १६७ खाली मुख्यमंत्र्यांकडून माहिती मागवू शकतात, पण कलेक्टरला परस्पर आदेश देऊ शकत नाहीत. त्यामुळे तुमचा अर्ज आता कोणत्या खात्यात कोणत्या आवक क्रमांकाने पडलाय, ते आधी शोधा. त्यासाठी राज्यपालांच्या सचिवालयातील जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. 'माझ्या तक्रारीचं काय झालं?' असं मोघम विचारू नका. अर्जाची तारीख द्या आणि तो कोणत्या दिवशी, कोणत्या खात्याला, कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला, एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. जावक क्रमांक हातात आला की पाठपुरावा राजभवनात करत बसू नका, त्या खात्यात करा.